सावलीच्या कड्यावरची काठी

स्वातंत्र्यानंतर माझं पोस्टिंग कल्याणजवळच्या एका लष्करी हॉस्पिटलात होतं. सहायक नर्स. शाळा चौथीपर्यंत, बाकी सगळं वॉर्डातच शिकले. साडेपाचला टेंपरेचर, सातला ड्रेसिंग, नऊला मेजरसाहेबांचा राउंड.

काश्मीरच्या लढाईतून अकरा नंबरच्या बेडवर शिपाई स्टॅन्झिन आला. लडाखचा. उजव्या हाताची बोटं गोळीने वाकडी झालेली. किटबॅगेत दोन काठ्या, शुकपाच्या. साहेब त्या झाडाला जुनिपर म्हणत. त्यातल्या एकीचं धनुष्य करून बोटं चालतात हे दाखवायचं होतं त्याला. मेजरसाहेब म्हणाले, "मेडिकल बोर्डासमोर धनुष्य ओढून दाखव, युनिटला परत पाठवतो." त्यांनी शब्द दिला म्हणजे दिला.

त्याने दोन्ही काठ्या नखाने वाजवल्या, हुंगल्या. एक ओढ्याकाठची, भराभर वाढलेली. ती फसवते म्हणाला. दुसरी सावलीच्या कड्यावरची, रेषा दाट, टोकापासून टोकापर्यंत सरळ, दोन हिवाळे वाळवलेली. ती निवडली, माझ्याकडे सांभाळायला दिली आणि बोटांच्या ऑपरेशनला गेला.

आम्ही माजिवड्याचे, वडील मिठागरावर. आमच्यात बांबू असो की बाभळीचा दांडा, खाडीच्या चिखलात पुरल्याशिवाय वापरायचा नाही. भुंगा लागत नाही, बघा. म्हटलं, पोराचं भलं होईल. त्याची काठी आठ दिवस पुरली, धुतली, उन्हात वाळवली. त्याला विचारलं नाही.

ऑपरेशननंतर त्याने काठी हातावर तोलली. "सिस्टर, लकडी भारी हो गई."

"इकडची हवाच दमट रे," मी म्हणाले.

सिस्टरचा शब्द म्हणून त्याने मानला आणि तासायला बसला.

बोर्ड दहाला. मी ट्रे घेऊन दाराशी. वाकड्या बोटांनी त्याने दोरी निम्म्यावर आणली. बोटं धरून होती, मी स्वतः पाहिलं. धनुष्य मधोमध तडकलं. मेजरसाहेबांनी वर न बघता लिहिलं, अनफिट. विचारल्याशिवाय नर्सने बोलायचं नाही, असा नियम होता. तो त्या दिवशी मला फार सोयीचा पडला.

निघताना ओढ्याकाठची काठी माझ्या हातात ठेवून तो म्हणाला, "गलती मेरी, सिस्टर. मैंने गलत चुनी."

मी काठी घेतली आणि पुढच्या बेडच्या ड्रेसिंगला वळले.

गावी जाऊन तो लष्कराचं सामान वाहायला लागला, हमाल म्हणून. पुढच्या हिवाळ्यात बर्फाखाली गेला. त्याच्याच पलटणीचा एक जवान अकरा नंबरच्या बेडवर आला, त्याने सांगितलं.

हमालांची नावं पलटणीच्या स्मारकाच्या दगडावर कोरत नाहीत. म्हणून इथे लिहिते. शिपाई स्टॅन्झिन. काठी त्याने बरोबर निवडली होती.