ज्ञानदेवभाऊंचा न लागणारा दिवा

रहाटणीत आमच्या खालच्या खोलीत राहणारे ज्ञानदेवभाऊ कळंबकडचे. वीस वर्षं झाली इकडे येऊन, तरी पत्ता विचारणाऱ्याला आधी कळंब सांगतात, मग रहाटणी. चौदा वर्षं त्यांनी चाकणच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे काढली, दरवर्षी 'पुढच्या वर्षी परमनंट' हे ऐकत. पंधराव्या वर्षी त्यांच्या ध्यानात आलं, की पुढचं वर्ष कायम पुढंच असतं. मग जुना टेम्पो घेतला आणि त्याच कारखान्याला भोसरीहून सुटे भाग पोचवायला लागले.

बिनकामाची वस्तू भाऊंना बघवत नाही. टेम्पोत तुळजाभवानीची छोटी तसबीर आहे आणि तिच्यामागं बल्ब. दोन वर्षांमागं ऐन घटस्थापनेला तो बल्ब गेला. भाऊ तेव्हा कारखान्याच्या गेटबाहेर रांगेत, आणि देवीला अंधारात ठेवून नऊ दिवस काढणं त्यांना शक्य नव्हतं. त्यांनी डॅशबोर्डवरच्या दिव्यांकडं पाहिलं. बॅटरीच्या दिव्यानं एकदा पट्टा तुटल्याचं सांगितलं होतं, म्हणून त्याला हात लावला नाही. पण तेलाच्या झारीचं चित्र असलेला एक दिवा गाडी पळताना त्यांनी कधी लागलेला पाहिला नव्हता. आयतं खाणारा माणूस सापडावा तसा त्यांना आनंद झाला. त्यांनी झारीचा बल्ब काढला आणि देवीमागं लावला. देवी उजळली, आणि भाऊ ही गोष्ट विसरूनही गेले.

इंजिनातलं तेल कमी झालं की सांगायचं, एवढंच त्या दिव्याचं काम होतं. यंदा मे महिन्यात मोशीच्या पुढं इंजिनाखालचा बोल्ट सैल होऊन तेल गळालं आणि सांगायला कुणी नव्हतं. इंजिन जाम झालं. भाऊ म्हणाले, "नजर लागली."

कारखान्याच्या गेटवर टेम्पोंना नंबर असतात. भाऊंचा सातवा. माल उतरवून घेणारा सुपरवायझर सुजित त्यांना म्हणाला, "भाऊ, दोन सोमवार थांबतो. तिसऱ्या सोमवारी सकाळी गाडी रांगेत नसली, तर नंबर गेला. मग माझ्याकडं रडायचं नाही."

"रडतंय कोण? मी तर हसायलोय," भाऊ म्हणाले. हसत मात्र नव्हते.

काळेवाडीत प्रीतमचं गॅरेज आहे. जुन्या इंजिनाचं काही उरलं नव्हतं, म्हणून त्यानं दुरुस्त केलेलं दुसरं इंजिन आणलं आणि तिसऱ्या सोमवारच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत बसवलं. नेमका त्याच दिवशी निगडीला त्याच्या मेहुणीचा साखरपुडा. जाताना तो म्हणाला, "चारला येतो. तोवर किल्लीला हात लावायचा नाही. पहिल्यांदा चालू करायचं काम माझं."

भाऊंनी मान डोलावली. पण दीड वाजता शालनबाई, म्हणजे भाऊंच्या घरच्या, नारळ, लिंबू, हळदकुंकू घेऊन गॅरेजात आल्या. सुट्टी होती म्हणून पिशवी धरायला मीही सोबत.

"अहो, दोन वीसला अमावस्या लागतीय. चारला कुठं चालू करताव नवं इंजिन?"

"प्रीतम म्हनलाय थांबा."

"प्रीतमला काय हो, त्याला पेढे मिळालेत. पहिलं इंजिन तुमी मुहूर्त न बघता चालू केलंतं, काय झालं?"

भाऊंनी प्रीतमला फोन लावला. मागं बँडचा आवाज, पण पोरगं नीट आणि सावकाश बोलत होतं. भाऊंनी स्पीकर लावला होता.

"भाऊ, ऐकायचंच नसेल तर निदान हे तरी ऐका. इंजिन कोरडं आहे, तेल अजून तळाशीच आहे. मी डिझेलची नळी काढून ठेवलीय, म्हणजे ते नुसतं फिरेल, चालू होणार नाही. किल्ली मारून फिरवत राहा. तेल वर चढलं की झारीचा लाल दिवा विझेल. तो विझल्याशिवाय नळी लावायची नाही."

"झारी विझली की नळी. कळलं."

भाऊ सीटवर बसले. किल्ली अर्धी फिरवली. बॅटरीचा दिवा लागला, हँडब्रेकचा लागला. झारीच्या जागी काळं. भाऊंनी वाकून पाहिलं, बोटानं काच पुसली, आणि तोंडभर हसले.

"विझलेलीच हाय की. तेल चढलंय आधीच. प्रीतमचं काम चोख असतंय."

आम्हा तिघांनाही हे पटलं. धोक्याचा दिवा लागलेला नाही, म्हणजे धोका नाही. शाळेत शिकलेल्या माणसालाही ह्यात खोट दिसत नाही. आधी लागल्याशिवाय दिवा विझत नसतो, हे कळायला एक इंजिनच घालवावं लागतं.

भाऊंनी नळी लावली, नळीतली हवा काढली. शालनबाईंनी नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. इंजिन पहिल्या झटक्यात चालू झालं. दोनला पाच कमी होते. शालनबाईंनी पदर डोळ्यांना लावला. एक चक्कर मारून देवळापुढं गाडी उभी करू, असं ठरलं आणि आम्ही तिघं पुढं बसून निघालो.

काळेवाडीच्या पुलाआधी शालनबाई म्हणाल्या, "कटकट वाजतंय."

"नवं हाय. आवळ असतंय."

पुलावर वास आला. पुलाच्या पलीकडं एक मोठा खणखणाट झाला आणि टेम्पो जागेवर उभा राहिला. भाऊंनी किल्ली मारली. आतून काहीच हललं नाही. दोन वाजून सोळा मिनिटं झाली होती. अमावस्या लागायलाही अजून अवकाश होता.

प्रीतम फेटा बांधलेलाच आला. त्यानं तेलाची कांडी काढून पाहिली; तेल सगळं खालीच होतं. मग डॅशबोर्ड उघडला. झारीमागचं भोक रिकामं.

"भाऊ, इथला बल्ब?"

भाऊंनी देवीकडं बोट केलं. तिथं तो अजून जळत होता.

"कधी काढला?"

"दोन वर्षं झाली."

प्रीतम हिशेब करत बसला. मे महिन्यातल्या इंजिनापाशी तो पोचला, तसं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. तो काही बोलणार, तेवढ्यात शालनबाईच म्हणाल्या, "म्हंजे पहिलं पण?"

प्रीतमनं फेटा काढून मांडीवर ठेवला. "मी विचारायला पाहिजे होतं, दिवा आधी लागला का म्हणून. ते कुणालाही माहीत असतं असं वाटलं."

"मला म्हाईत नव्हतं," भाऊ म्हणाले.

मी त्याच कारखान्यात कामाला; दुसऱ्या दिवशी माझी सकाळची शिफ्ट होती. कंपनीची बस गेटवर वळली तेव्हा रांगेत सहाव्या आणि आठव्या टेम्पोच्या मधे भाऊ उभे होते. गाडीविना, पायी. डबा हातात. पुढची गाडी सरकली की तेही चार पावलं सरकत. मागच्यानं हॉर्न दिला नाही, एवढी त्याची माणुसकी. भाऊ असे सरकत सरकत गेटपाशी पोचले.

सुजितनं त्यांच्याकडं पाहिलं, मग त्यांच्या मागं पाहिलं. "भाऊ, गाडी?"

"न्हाई झाली."

"मग मी काय उतरवून घेऊ?"

भाऊ बाजूला झाले. सुजितनं पेनानं मागच्या गाडीला खूण केली आणि आठवा टेम्पो सात नंबरवर आला. त्या ड्रायव्हरचा हमाल आला नव्हता. भाऊंनी डबा भिंतीशी ठेवला आणि न सांगता ताडपत्रीची दोरी सोडायला लागले.

आता त्याच गाडीवर असतात. दोरी सोडायची, खोकी उतरवायची, दोरी बांधायची. ड्रायव्हर त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान आहे आणि त्यांना 'ए मामा' म्हणतो.