पिठात माखलेल्या मुंग्या

मोबाईलमध्ये कॅमेरे आले आणि आमच्या आळंदच्या स्टुडिओत पासपोर्ट फोटोखेरीज कुणी फिरकेनासं झालं. माझे यजमान व्यंकट काउंटरवर माश्या मारत बसू लागले. त्या हिवाळ्यात गुलबर्ग्याच्या एका कॉलेजातले सुनीलकुमार सर दुकानात आले. आपल्या भागात थंडीत दिसणाऱ्या मुंग्यांचा त्यांना मोठा तक्ता काढायचा होता. फोटो ह्यांचे आणि खाली नावही ह्यांचं. नाव म्हटल्यावर माणूस हुरळलाच.

लिंबाच्या खोडावरचा मुंगळा मिळाला, न्हाणीतली बारकी लाल मुंगी मिळाली. घोडं अडलं ते अंगणातल्या दाणे वाहणाऱ्या मुंगीपाशी. तिच्या कमरेला दोन गाठी असतात, त्या बाजूनं स्पष्ट दिसल्याशिवाय ओळख पक्की होत नाही, असं सरांनी बजावलं होतं. पण थंडीत बिळाच्या तोंडावर ऊन आल्याशिवाय ही बाईसाहेब बाहेर पडायची नाही. आणि ती पडली रे पडली की माझ्या सासूबाई, नागूबाई, वाटी घेऊन हजर. पीठ आणि साखर, चिमटी चिमटीनं. मुंग्या पांढऱ्याफटक! गाठी कसल्या दिसतात कपाळाच्या?

"माय, फोटू होईस्तोवर तरी थांब की."

"मुक्या जिवाला उपाशी ठेवू व्हय?"

रोज हेच. मला दोघांचाही वीट आला होता. नवरा अंगणात पालथा पडलेला बघून शेजारची बसव्वा विचारायची, "अक्का, काय हरवलंय?"

सरांनी दिलेला शेवटचा दिवस उजाडला. ऊन आलं. एक मुंगी ज्वारीचा दाणा घेऊन अगदी हवी तशी आडवी झाली, आणि वरून पीठ पडलं. ह्यांचं डोकंच फिरलं. लेन्सवरची धूळ उडवायचा रबरी फुगा घेऊन ह्यांनी ते पीठ फसाफसा उडवून दिलं. मुंग्याही उधळल्या आणि बिळात गडप झाल्या.

"कामून घालायलीस रोज रोज? माझं वाटोळं करायलीस!"

सासूबाई वाटी धरून तशाच उभ्या राहिल्या.

"तुझं दुकान चालावं म्हणून घालायले रे. मला दुसरं काय येतंय?"

मला रडू आलं, रागही आला, कुणाचा ते कळेना. ह्यांनी कॅमेरा बाजूला ठेवला, आईच्या हातातली वाटी घेतली आणि उरलेलं पीठ बिळापाशी घातलं. ऊन ढळेपर्यंत आम्ही तिघं तिथंच बसून होतो. एकही मुंगी बाहेर आली नाही.