काकूच्या मराठीचे व्हिडिओ

मैसूरच्या एका कॉलेजात मी पत्रकारिता शिकवते. पीएचडीसाठी मी विषय घेतला तो आमच्याच लोकांचा. टीव्हीवरच्या मराठी मालिका आणि फोनवरचे व्हिडिओ बघून इथल्या जुन्या मराठी घरांतलं बोलणं कसं बदलतं, माणसं स्वतःला काय समजायला लागतात, असा तो विषय. आमचे पूर्वज रंगारी. कापड रंगवायचं, छापायचं काम आजोबांच्या पिढीबरोबर संपलं. आता कोणी बँकेत, कोणी दुकानात, कोणी इथल्याच हेब्बाळ भागातल्या कंपनीत. मराठी मात्र घरात राहिली, कन्नडमध्ये चांगली मुरलेली.

मुलाखती घ्यायला लागले तेव्हा एक गंमत दिसायची. रेकॉर्डर सुरू केला की बायका पदर सारखा करून मालिकेतल्या सासूबाईंसारखं बोलायच्या. "आम्ही आपली संस्कृती जपली आहे हो." रेकॉर्डर बंद केला की, "कापी घेतीस की गे? सुम्ने, उगीच तशीच उठू नको." माझ्या गाईडना हे फार आवडलं. "हाच तुझा प्रबंध," ते म्हणाले. काकूची मुलाखत मी शेवटी ठेवली होती. घरचीच ती, केव्हाही घेता येईल.

काका गेल्यावर काकू मुलाकडे राहायची. हा माझा चुलतभाऊ हेब्बाळच्या एका कंपनीत होता, बायको कोल्हापूरकडची. एकदा मिक्सर बिघडला आणि काकू त्याच्यावर खेकसली, "अय्यो, हे बघ की, नुसतं किंचाळतंय, रुब्बत नाही काही! ह्याला काय ऊटा घालायचा का आता?" रुब्बणं म्हणजे वाटणं, ऊटा म्हणजे जेवण. भावाने ते फोनवर टिपलं आणि नेटवर टाकलं. दोन दिवसांत पुण्या-नाशिकची माणसं ते एकमेकांना पाठवत होती. खाली लिहीत होती, ही कुठली मराठी, काकू कुठल्या ग्रहावरच्या, अजून टाका.

त्याने अजून टाकले. काकू दूधवाल्याशी भांडताना, काकू जावयाला फोनवर पाककृती सांगताना. तिला आधी मजाच वाटली. मला म्हणाली, "मला बघून लोक हसतायत म्हणे. हसू देत की. रडवत तर नाही ना मी कुणाला?"

मग आमच्या घरातल्या एका मुलाचं लग्न आलं, इथंच मैसूरला. मुलगी पुण्याची. कार्यालयात मुलीकडच्या पोरांनी काकूला ओळखलं आणि फोन काढून तिच्याभोवती गोळा झाली. "काकू, ते मिक्सरचं बोला ना!" ती बोलली. पोरं पुन्हा बोला म्हणाली, ती पुन्हा बोलली. इथपर्यंत ती हसत होती.

पाठवणीच्या आधी ती नवरीच्या आईजवळ गेली. मी शेजारीच उभी होते. त्या बाईंचे डोळे भरलेले. काकूने त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "पोरीची काही चिंते करू नका हो. मी आहे की इथं. माझ्याच पोटची म्हणून बघीन तिला."

बाईंना हसू फुटलं. आवरेचना. डोळे पुसत त्या बहिणीकडे वळल्या. "ऐकलंस का? चिंते म्हणे! अगदी व्हिडिओतल्यासारखं बोलतात गं!" बहीणही हसली. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. काकू आपल्याला हसवायलाच आली आहे असं त्यांना खरंच वाटलं. काकूने हात सोडला आणि ती खुर्च्यांच्या मागच्या रांगेत जाऊन बसली.

घरी येताना गाडीत तिने मला विचारलं, "मी बोलली त्यात हसण्यासारखं काय होतं गे?"

"काही नव्हतं, काकू."

"मग हसली का ती?"

वर्गात त्यावर मी एक पूर्ण तास शिकवला असता. काकूला मी पाण्याची बाटली पुढे केली.

त्यानंतर काकू दुपारभर मालिका बघायला लागली. पूर्वीही बघायची, पण भाजी निवडता निवडता. आता टीव्हीसमोर ताठ बसून ओठ हलवायची. थोड्याच दिवसांत ती सुनेला "मला तुझ्याशी जरा महत्त्वाचं बोलायचंय" म्हणायला लागली, आणि महत्त्वाचं म्हणजे गॅस संपलाय एवढंच असायचं. वाक्य अर्ध्यावर आलं की थांबायची, शब्द शोधायची. ज्या बाईचं तोंड कधी मिटत नसे ती आता पाणी मागतानाही अडखळत होती.

भाऊ वैतागला. एका रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला होते. त्याने फोन धरला होता आणि काकू जपून जपून बोलत होती.

"अम्मा, असं नको. पहिल्यासारखं बोल."

"पहिल्यासारखं म्हणजे कसं रे?"

"तुझं नेहमीचं गं. तू बोलायचीस तसं."

"तू बोलून दाखव. मी तसं बोलते."

त्याला वाटलं ती थट्टा करतेय. तो हसला. काकू हसली नाही. "माझंच सोंग मला आणायला लावतोस," ती म्हणाली, आणि ताट उचलून आत गेली.

पुढे तिने व्हिडिओत येणं बंद केलं. पण बघणारे विचारत राहिले. शेवटी सुनेने काकूचं एक जुनं लुगडं नेसून, केसांना पावडर लावून, तिचा आवाज काढला. नक्कल चांगली जमली. लोकांना आवडली. स्वयंपाकघरात ते चालायचं तेव्हा काकू आतल्या खोलीत असायची, आणि दार काही बंद नसायचं. सून वाईट नव्हती. सासूला हाताने जेवण वाढायची, पाय चेपायची. तिच्या लेखी तो एक खेळ होता.

मी मुलाखतीला गेले ती त्यानंतर. काकू पलंगावर बसली होती. रेकॉर्डर ठेवला, विचारलं, "काकू, मालिका बघून तुझ्या बोलण्यात काही फरक पडला का?"

"गोत्तिल्ला," ती म्हणाली. ठाऊक नाही.

मी मराठीत विचारत गेले, ती कन्नडमध्ये सांगत गेली. बाजारातल्या बायका बोलतात तसं साधं, सरळ, परकं कन्नड. लहानपणाबद्दल विचारलं, कन्नडमध्ये. काकांबद्दल विचारलं, कन्नडमध्ये. शेवटी मी म्हटलं, "माझ्याशी तरी मराठीत बोल की." तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "साकु, मगळे." पुरे, पोरी.

गाईडना सांगितलं तर ते खुर्चीत पुढे सरकले. "भाषेची लाज, विनोद, माघार, सगळं आहे यात. तुझं एक प्रकरण झालं समज." ते बरोबरच बोलत होते. प्रकरण झालंही. त्यात काकू 'एक ज्येष्ठ महिला' आहे.

त्याच वर्षी काकूला कावीळ झाली आणि ती उतरलीच नाही. हॉस्पिटलमध्ये नर्सने भावाला विचारलं, आजी कुठली भाषा बोलतात? तो म्हणाला, मराठी. काकूने डोळे न उघडता मान हलवली. नाही. शेवटपर्यंत तिने आम्हा सगळ्यांशी, मुलाशीसुद्धा, कन्नडच वापरलं.

भावाने बातमी टाकली तेव्हा लोकांनी हात जोडले आणि जुने व्हिडिओ पुन्हा वर काढले. श्रद्धांजलीच्या मधेमधे हसरे चेहरे येत होते. तेरावं झाल्यावर तो माझ्याकडे आला. सुनेने नकला बंद केल्या होत्या, तो म्हणाला, आपण होऊन.

"अक्का, तुझ्याकडे अम्माचं रेकॉर्डिंग आहे ना? साधं, बसून बोललेलं?"

मी लावून दिलं. तो खाली मान घालून ऐकत राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "ही अम्मा नाही गं. शेजारची कुणीतरी वाटते."

"तसंच बोलली ती माझ्याशी."

"ठाऊक आहे."

मी त्याला विचारलं, ते व्हिडिओ काढून टाकणार का. त्याने खिशातून फोन काढला आणि पालथा ठेवला.

"रोज काढायला बसतो," तो म्हणाला. "पण अम्माचा मराठी बोलतानाचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही, अक्का. बहिणीकडे नाही, तुझ्याकडे नाही. काढले तर काय राहतं?"

ते अजून तिथेच आहेत. खाली लिहायची सोय तेवढी त्याने बंद केली आहे.