करदोडा आणि कॅमेऱ्याचा पट्टा

बाळाचे फोटो काढायला कॅमेरा घेताय, आणि भिंग कोणतं घ्यावं, पट्टा कसा असावा, हे मला विचारलंत. आजीने एकेकाळी कॅमेरा हाताळला होता, हे तुमच्या बाबांनी सांगितलेलं दिसतंय. आधी भिंगाचं सांगते, मग पट्ट्याचं, म्हणजे गोंधळ व्हायचा नाही.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. आमचं गाव गेवराईपासून बैलगाडीने अर्ध्या दिवसावर. मी नगरला इंग्रजी शाळेत शिकलेली, त्यामुळे सासरी मला जरा वेगळंच समजत. माझ्या भावाने त्याचा जुना कॅमेरा मला दिला होता. पुढे त्याने दोन भिंगं पाठवली. आवडेल ते ठेव आणि दुसरं परत कर, असा निरोप होता. एक जड, मोठ्या तोंडाचं. ते भरपूर उजेड घ्यायचं, मूल हललं तरी चित्र यायचं, पण लांबून. दुसरं लहानसं, मूळ भिंगावर टोपीसारखं बसणारं. त्याने हातभर अंतरावरून चेहरा मोठा यायचा. मात्र मुलाने जागचं हलता कामा नये.

माझी धाकटी जाऊ वडवणीकडची. तिची आधीची दोन मुलं पाठोपाठ गेली होती. तिसरा मुलगा नऊ-दहा महिन्यांचा होता आणि माझे दीर हैदराबादला नोकरीला. त्यांनी मुलाला अजून पाहिलंच नव्हतं. त्यांना फोटो पाठवायचा, म्हणून दोन्ही भिंगं समोर ठेवून मी तिला समजावलं.

"लांबून नगं, जाऊबाई," ती म्हणाली. "त्याचं डोळं दिसाया पायजेत. बापावानी हायती."

"मग त्याला जागच्या जागी बसवावं लागेल."

"बसवते की. माझंच लेकरू हाय."

सासूबाई ओसरीत तांदूळ निवडत होत्या. कॅमेऱ्याला त्या खोकडं, म्हणजे खोकं, म्हणत. त्या म्हणाल्या, "एवढं तोंडाजवळ कशापायी न्यायचं ते खोकडं? लेकराचा श्वास लागंल त्याला."

जाऊ हसली. "आत्याबाई, खोकड्याला लागला तर लागू द्या. आपल्याला दिवसभर लागतोच की."

आता पट्ट्याचं. मुलाला छोट्या खुर्चीला बांधायचं ठरलं. कॅमेऱ्याबरोबर दोन पट्टे होते. एक रुंद, मऊ चामड्याचा, कॅमेरा गळ्यात अडकवण्यासाठी. दुसरा अरुंद कापडी, लोखंडी बकलाचा, तिपाई बांधायला. मी मऊ म्हणून चामड्याचा उचलला. जावेने तो हातातून काढून घेतला. मुलगा नवसाचा होता. जावळ होईपर्यंत त्याच्या अंगाला चामडं लागू द्यायचं नाही, असं ती देवाला बोलली होती. मग कापडी पट्टा आला. तिनेच बांधला.

अंगणात ऊन चांगलं होतं. मुलगा काचेकडे टक लावून बघत राहिला, जराही हलला नाही. मी कळ दाबली. इतकं नीट चित्र मला पूर्वी कधी मिळालं नव्हतं, हे तेव्हाच कळलं.

जावेने पट्टा सोडायला हात घातला. बकलाचा काटा मुलाच्या करदोड्यात अडकला होता. तिने ओढलं आणि काळा दोरा तुटून तिच्या बोटांत आला.

तुम्ही गावापासून लांब वाढलात, म्हणून सांगते. तान्ह्या मुलाच्या कमरेला दृष्ट लागू नये म्हणून बांधतात तो करदोडा. जीर्ण झाला तर आधी नवा बांधायचा, मगच जुना काढायचा. कंबर मोकळी ठेवायची नाही. तो तोडतात ते एकदाच, माणूस गेल्यावर, शेवटच्या अंघोळीच्या वेळी. जावेने तो दोन वेळा तोडलेला पाहिला होता.

सासूबाईंनी उठून नवा दोरा बांधला.

संध्याकाळी मुलाला ताप आला. दुसऱ्या दिवशी गेवराईहून हकीमसाहेबांच्या पुड्या आणवल्या. तोवर मुलगा दूध ओढेनासा झाला होता. डोळे अर्धे उघडे. मी पुडी मधात कालवून नेली, तर जावेने त्याला पदराखाली घेतलं.

"आधी त्याला सोडा," ती म्हणाली.

"कुणाला?"

"त्या खोकड्यात धरलंय ना माझं लेकरू? बांधून धरलंय. सोडा आधी. त्याबिगर औषद लागायचं न्हाई त्याला, आन् मी देऊबी द्यायची न्हाई."

मी तिला सांगू लागले, त्यात नुसती काच आहे, काचेवर उजेड पडलाय, बाकी काही नाही. सांगताना माझाच आवाज मला खोटा वाटला. तेव्हा फोटो फिल्मवर नाही, मसाला लावलेल्या काचेवर उमटायचा, आणि ती काच अजून रसायनात धुतलेली नव्हती. काचेच्या चौकटीचं झाकण उन्हात उघडलं, की सगळं काळं होणार होतं. आणि माझ्या मनात जे आलं, ते तिला सांगण्यासारखं नव्हतं. हे मूल गेलं, तर त्याच्या बापाला दाखवायला त्याचा तेवढाच चेहरा जगात उरणार होता. तो मी माझ्या हाताने पुसायचा?

सासूबाई दारातून एवढंच म्हणाल्या, "पोरी, पुडी वाळून चालली."

मी कॅमेरा अंगणात आणला. जाऊ मुलाला घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. मी झाकण ओढलं आणि काच उन्हात धरली. तिने ती पुढून-मागून पाहिली, मग खाली बसली आणि मुलाचं तोंड माझ्याकडे केलं. मी पुडी चाटवली. त्याने जीभ हलवली, तेवढंच.

ताप उतरेपर्यंतचे दिवस मी त्या काचेचाच विचार करत होते. उतरला. ते लेकरू म्हणजे तुमचे थोरले काका. त्यांचा लहानपणचा फोटो का नाही, हे तुम्ही मागे विचारलं होतं.

तेव्हा भिंग लांबूनचं घ्या. आणि पट्टा स्वतःच्या गळ्यात ठेवा, मुलाच्या अंगाला नको.

मुलगा पुन्हा रांगायला लागल्यावर जाऊ एका दुपारी हसत आली. त्याचं तोंड धुतलेलं, डोळ्यांत काजळ, अंगात नवं झबलं.

"जाऊबाई, काढा की आता. तुमच्या त्या लांबच्या काचंनं काढा."

"आज ऊन नाही गं," मी म्हणाले.

तिने अंगणाकडे पाहिलं. फरशी तापून पांढरी पडली होती. ती मुलाला कडेवर घेऊन आत गेली, आणि मी ते लांबचं भिंग भावाला परत पाठवायला कापडात गुंडाळलं.