फ्रेमची काच

"हाऊ कोन शे? मना बैल कोठे शेतस?"

आबा धुळ्यातल्या माझ्या स्टुडिओच्या दारात उभे राहून ओरडत होते. आवाज असा, की चौकातली कबुतरं उडून थेट पारोळ्याला जाऊन बसली असतील. हातात मीच काढलेला फोटो. त्यात एक पांढरा ढग, शेजारी दुसरा पांढरा ढग आणि मधे एक लाल डाग. तो डाग म्हणजे आबांचं पागोटं.

बारा वर्षं एका दावणीला असलेली ती जोडी. आबांच्या गुडघ्यांना आता नांगरामागे चालवेना. पोळा झाला की दोंडाईच्याच्या बाजारात जोडी विकायची, हे ठरलेलं. म्हणून फोटो. दुसरं काही मागे राहणार नव्हतं.

आणि मी कोण? तापीच्या दोन्ही काठांवर, आपोआप अंतर मोजणाऱ्या कॅमेऱ्याचा एकमेव मालक! निदान मी तसं सांगायचो. कॅमेऱ्याच्या कपाळावर दोन बारक्या खिडक्या होत्या. एकीतून डोळ्यांना न दिसणारा उजेड जायचा, समोरच्यावर आपटून दुसरीत परत यायचा. त्यावरून माणूस किती लांब आहे ते कॅमेराच ठरवायचा. हा नवरीच्या मनातलंसुद्धा मोजतो, असं मी वऱ्हाडाला सांगत असे.

पोळ्याला गुलाल उधळतात. तो आत गेला तर दुरुस्तीला मुंबई गाठा. म्हणून शेजारच्या फ्रेमवाल्या चाचांकडून काच कापून घेतली आणि काळ्या चिकटपट्टीने कॅमेऱ्याच्या अख्ख्या तोंडावर बसवली.

"बेटा, त्या खिडक्या तरी उघड्या ठेव," चाचा म्हणाले.

"चाचा, काचेतून चंद्र दिसतो. आबा दिसणार नाहीत?"

दिसले की! मी डोळा लावायचो ते भोक वेगळं, त्यातून सगळं लख्ख दिसत होतं. शिंगांचा रंग, पाठीवरची झूल, दोन्ही वेसणी मुठीत धरून श्वास रोखलेले आबा. मी अख्खा रोल उडवला.

रोल धुऊन आला तेव्हा बाजार होऊन गेला होता. छत्तीसच्या छत्तीस ढग. चाचांनी काच लावलेला कॅमेरा उलटसुलट करून पाहिला आणि हळूच म्हणाले, "उजेड आबांपर्यंत गेलाच नाही, बेटा. माझ्या काचेवरूनच परतला. याला वाटलं, आबा याच्या नाकाला टेकून उभे आहेत."

म्हणजे आबा दारात आले तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. ती काच माझ्या खणात होती, चिकटपट्टीसकट. खण उघडून दाखवायचा, एवढंच काम. पण समोर चहाच्या टपरीवरची माणसं गोळा झालेली, आणि आयुष्यभर ज्या जिभेने मी राईचे डोंगर केले, तिला त्या दिवशी एक साधं वाक्य उचलवलं नाही.

"आबा, कॅमेऱ्याचा काही दोष नाही हो," मी हसत म्हणालो, आणि तेही टपरीकडे बघून. "तुमचे बैल हलले."

शेजारी चाचांची हातोडी थांबली. आबांचं ओरडणंही थांबलं. त्यांनी फोटो धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा पाहिला, खिशात ठेवला.

"नही हालनात," ते म्हणाले. "मीच धरेल व्हतात."