अक्काची चमकी

माझ्या धाकट्या मेव्हण्याइतका चिकित्सक माणूस हिंगोली जिल्ह्यात दुसरा असेल, तर त्याला माझ्यासमोर आणू नका. माझ्या हातात काठी असते. शिरड शहापूरचा हा गडी हळद पिकवतो. हळकुंड कानाजवळ धरून मोडतो, कटकन आवाज आला तरच वाळलं म्हणतो. इथवर ठीक. पण टरबूज, मडकं, इतकंच काय, लेकीला पाहायला आलेल्या पाहुण्याची पाठसुद्धा हा थोपटून ऐकतो.

असल्या माणसाने माझ्या बायकोला, म्हणजे त्याच्या अक्काला, हिऱ्याची चमकी करायचा शब्द दिला. लग्नात त्यांच्या बापाने तिच्या नाकात हिरा म्हणून काच घातली होती. बापालाच कोणी फसवलं होतं, पण आमच्या घरातल्या बायका हसल्या. ते याच्या डोक्यातून गेलं नाही. मग काय, हिंगोलीच्या सराफाकडे आमच्या चकरा सुरू. दुकानात याला खडा बघायचा नसतो. "लाइटीत बाटलीचं बूडबी चमकतंय," म्हणून हा खडा घेऊन भर रस्त्यात उन्हात उभा, आणि मागे सराफाचा जीव टांगणीला. खड्यावर फुंकर मारली, पाण्यात बुडवला, शेवटी कानाला लावला! सराफ म्हणाला, "मामा, याचं सर्टिफिकेट आहे." हा म्हणतो, "कागद नाकात घालायचा हाय का?"

खडा पसंत पडला तर आणखी तकलीफ. हिरा लाभतो का ते पाहायला आधी पुडीत बांधून देव्हाऱ्यात ठेवायचा, ही रीत. सराफ ओळखीचा, बिचारा पुडी द्यायचा. एका खड्यापायी आमची म्हैस आटली.

"परत करा दाजी, न्हाई लाभत."

"अरे येड्या, म्हैस गाभण हाय म्हणून आटली!"

"आन् तुमची दाढ दुखून राहिली, ती बी गाभण हाय का?"

खडा परत. मी चिडलो की बायको मलाच बोलायची, "काहून वरडता? माझा भाऊ माझ्यापायी उन्हात उभा राहतो. तुमी कवा राहिलात?" आणि नाकातली ती काच पदराने पुसायची.

तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. सवाष्ण गेली की अंगावर शेवटची साडी माहेरची लागते. ती घेऊन हा आला. साडीच्या घडीत चमकी होती. तयार, सराफाच्या काचेच्या कपाटातली, जिच्याकडे याने कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. ना ऊन, ना फुंकर, ना देव्हारा. मी सगळ्यांदेखत ओरडलो, "हलकटा, ही घाई आधी कुठं गेली व्हती?" सुनेने काच काढून तिच्या नाकात ती चमकी घातली. मसणवट्यात अंगावरचं सोनं काढायला लागले, तेव्हा मी कोणाला नाकाला हात लावू दिला नाही. हा तिकडे पाठ करून उभा.

आता बाजाराच्या दिवशी तो वाट वाकडी करून आमच्या गावी, साखऱ्याला येतो. मी अजून सरळ बोलत नाही. चहा पुढ्यात आपटतो. तो कपाला टिचकी मारून आवाज ऐकतो, मग पितो, आणि दर वेळी तेच विचारतो, "दाजी, तवा ऊन व्हतं नव्हं? चमकली का हो?"

माझे डोळे तेव्हा भरलेले. मला कुठं काय दिसलं होतं!

"चमकली की," मी म्हणतो. "डोळ्यावर येत व्हती."