एकोणिसावी चूक

पुस्तक हातात आलं की मावशी ते मागून उघडायच्या. शेवटचं पान उभ्या उभ्या वाचायच्या, ओठ हलवत. मग नोंद करून पुस्तक पुढे सरकवायच्या. "न्या. शेवट गोड हाय." नाहीतर, "हे आज नका नेऊ भाऊ. आधी ताप उतरू द्या तुमचा."

आमच्या मंठ्याच्या वाचनालयात त्या झाडलोटीला लागल्या आणि दोन-तीन वर्षांत पुस्तकंही देऊ-घेऊ लागल्या. शिक्षण सातवी. शेवट बघण्याचं कारण मी एकदा विचारलं. बाळंतपणाला माहेरी आलेल्या एका मुलीला त्यांनी बिनवाचलेली कादंबरी दिली होती. "त्यात बाळ गेलं. पोरगी आठ दिवस रडली. तिची आई इथं भांडायला आल्ती. तवापासून शेवट बघितल्याबिगर म्या कुणाला पुस्तक देत न्हाई."

मी जिनिंगच्या वजनकाट्यावर असतो. कापसाची गाडी भरलेली आत येते, रिकामी बाहेर जाते, मधला फरक मी लिहितो. पंचवीस वर्षं हेच केल्यावर माणसाला वाटू लागतं की कुठल्याही गोष्टीतला फरक आपल्याला काढता येतो. मी पुस्तक पेन्सिल घेऊन वाचतो. वाचनालयाच्या समितीवरही आहे, म्हणजे पेन्सिलीला अधिकारही आहे.

अशात ती कादंबरी आली. नाव सांगत नाही. लेखिकेवर मी आधीच पुरेसा अन्याय केला आहे. जुन्या काळची हलकीफुलकी प्रेमकथा. सरदाराची मुलगी व्यापाऱ्याचा वेश घेऊन किल्ल्यावर घोडे विकायला येते आणि ते मोजून घ्यायला एक कारकून नेमलेला असतो, एवढीच गोष्ट. पण तिच्यासाठी एका वेळी अकरा जण रांगेत होते. मावशी प्रत्येकाला सांगायच्या, "हिचा शेवट तर गोड हायच, पर मधलं बी गोड हाय."

वाचनालयात अभिप्रायाची वही आहे. कुणी लिहिलं होतं, 'छान.' त्याखाली दुसऱ्याने, 'फार छान.' एका निवृत्त गुरुजींनी लिहिलं होतं, 'इतिहासाचा अभ्यास अपुरा. तरी दोनदा वाचली.' एका बाईंनी, 'हसताना पोळी करपली.' माझा अभिप्राय चार पानांचा होता. त्यात मी एकतीस चुका क्रमवार मांडल्या होत्या. घोडा सकाळच्या न्याहारीपासून दुपारच्या जेवणापर्यंत चाळीस कोस जातो. मेजवानीत बटाट्याची भाजी आहे, बटाटा आपल्याकडे यायच्या आधी. आणि नऊ दिवसांत तीनदा पौर्णिमा येते.

"मावशी, नऊ दिवसांत तीन पौर्णिमा?"

"असू द्या की. पिरेमात पडलेल्या माणसाला अवस दिसती का?"

मी हे वहीत लिहून घेतलं नाही. लिहायला हवं होतं.

वर्षातून एकदा आमचा वाचक मेळावा होतो. त्या वर्षी सर्वाधिक वाचलं गेलेलं पुस्तक म्हणून हीच कादंबरी निघाली. चार वाचकांनी तिच्यावर बोलायचं ठरलं. तिसरा मी आणि चौथं नाव ग्रंथपालांनी मावशींचं घातलं. त्या आधी नको म्हणाल्या, मग तयार झाल्या. माइकसमोर त्या जन्मात उभ्या राहिल्या नव्हत्या. पंधरा दिवस त्या कपाटं पुसता पुसता कपाटांपुढे भाषण करत होत्या. मी एकदा अचानक आत गेलो.

"भाऊ, जमलेल्या लोकांनो म्हणू का रसिक लोकांनो?"

"रसिक श्रोतेहो, म्हणा."

"श्रोतेहो," त्या कपाटाला म्हणाल्या. "श्रोतेहो."

ऐकायला त्यांनी टेंभुर्णीहून बहिणीला बोलावून घेतलं होतं. स्वतः नवी निळी साडी नेसल्या होत्या.

प्रत्येकाला सात मिनिटं, हा नियम माझाच. वेळ संपल्याची घंटाही माझ्याकडेच. पहिल्या दोघांना मी बरोबर सातव्या मिनिटाला घंटा दिली. मग घंटा खिशात घालून उभा राहिलो आणि सव्वीस मिनिटं बोललो.

एकतीसच्या एकतीस चुका सांगितल्या. एकोणिसावी अशी होती: कारकून तेच घोडे एकाच दिवसात तीनदा मोजतो. आधी चोवीस भरतात, मग बावीस, मग सत्तावीस. "लेखिकेने स्वतःचीच मागची पानं उलटून पाहिलेली नाहीत," असं मी म्हणालो आणि सभागृहात हशा पिकला. वाक्य जमलं असं वाटून मी ते पुन्हा म्हणालो. दुसऱ्यांदा लोक जास्त हसले.

मग मावशींचं नाव पुकारलं. त्या आल्या, माइक धरला. माझ्याकडे बघितलं. पहिल्या रांगेत माझी बायको बसली होती, तिच्याकडे बघितलं.

"रसिक श्रोतेहो," त्या म्हणाल्या, "माझा गळा बसलाय." आणि जाऊन बसल्या.

इतिवृत्त मी लिहिलं. 'घसा बसल्याने चौथ्या वक्त्या बोलू शकल्या नाहीत.' ते लिहीत असताना बाहेरून मावशींचा आवाज येत होता, "अरं, चहा समद्यांना भेटला का? मागच्या बाकावर न्हाई पोचला अजून!" आवाज पार रस्त्यापर्यंत जात होता. फरक काढणं हे माझं काम. हा फरक मला दिसला नाही.

दोन महिन्यांनी बायकोने ती कादंबरी वाचायला आणली. मी शेजारी बसलो होतो. ती एकदम खो खो हसायला लागली.

"काय झालं?"

"अहो, हा कारकून घोडे मोजतोय कुठं? तिच्याकडेच बघत बसलाय, म्हणून दर वेळी आकडा चुकतोय!"

मी पुस्तक ओढून घेतलं. पान तेच होतं. माझ्याच पेन्सिलीने समासात १९ लिहिलेलं होतं.

"तरीच लोक तेव्हा एवढे हसत होते," ती म्हणाली. "मला वाटलं तुम्ही विनोद करताय. घरी नाही करत, बाहेर करत असाल."

दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडताच मी गेलो. "मावशी, ते घोड्यांचं तुम्हाला कळलं होतं?"

"कळायचं काय त्यात? माझं समदं भाषण त्या घोड्यांवरच व्हतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमच्या मागून म्या तेच बोलले असते तर काय झालं असतं? वहिनी पुढंच बसल्या व्हत्या." त्या पुस्तकांवर शिक्के मारत राहिल्या. "बहीण मातर चिडली. म्हणली, तुझा बसलेला गळा ऐकायला दोन बशी बदलून आल्ते का म्या?"

मग त्यांनी ते भाषण मला एकट्याला सांगितलं. त्यांच्या वडिलांची मेंढरं होती. संध्याकाळी मेंढरं आत घेताना मोजायचं काम मावशींचं. एकदा लोकर कातरायला माणसं आली, त्यांत एक तरणा पोरगा होता. त्या दिवशी मावशींनी एकदा मोजली तर एक्केचाळीस भरली, लगेच पुन्हा मोजली तर छत्तीस. वडील काठी घेऊन न हरवलेली पाच मेंढरं शोधत ओढ्याकाठाने हिंडून आले.

"आन् तो कातरणारा पोरगा म्हंजी आमचे मालक," असं म्हणून त्यांनी तोंडाला पदर लावला. मालक जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

मी म्हणालो, पुढच्या वर्षी पहिलं नाव तुमचं. "बघू," त्या म्हणाल्या.

पण पुढच्या मेळाव्याआधीच त्यांच्या मुलाला मुलगा झाला. मुलगा-सून दोघं पुण्याकडे कारखान्यात, घरी बघायला कुणी नाही. चार दिवसांत सामान आवरून मावशी गेल्या. आता वाचनालयात पुस्तक पुढून उघडून दिलं जातं.

त्या पुढच्या मेळाव्यात मी सात मिनिटांत बसवून माझी चूक कबूल केली. मावशींचा गळा का बसला होता, ते सांगितलं. लोकांना बरं वाटलेलं दिसलं म्हणून मेंढरांचंही सांगितलं. सभागृह हसून लोटपोट झालं. मला अगदी हलकं वाटलं. संध्याकाळी मी मावशींना फोन लावला.

"मेंढरांचं बी सांगितलं?"

"हो. लोकांना फार आवडलं."

माझ्या तेव्हा लक्षात आलं की पहिल्या वर्षी मी त्यांची वेळ घेतली होती, आणि या वर्षी भाषणच घेतलं.

"कसं सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"आहे तसंच. आधी छत्तीस भरली, मग एक्केचाळीस..."

"अवो, उलटं सांगितलं की! मेंढरं वाढली तर बाप हुडकाया कशाला जाईल?"

मी बोटांवर वजाबाकी करून पाहिली.

"तरी लोकं हसली?"

"खूप हसली."

"मंग ती तुम्हालाच हसली, भाऊ." आता त्याही हसत होत्या. "हे दुरुस्त कराया मलाच यावं लागंल."

"कधी येता?"

"हे पोरगं चालाय लागू द्या."

नातू आता दहा महिन्यांचा आहे. भिंतीला धरून उभा राहतो, असं कळतं.